कॅरिबू वाचवण्यासाठी लांडगे मारणे योग्य आहे का?

रानवाट: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील क्लिन्से-झा कळपात 2013 मध्ये अवघे 38 कॅरिबू, म्हणजे रेनडिअर जातीची हरणे, उरले होते; 2022 पर्यंत ते 114 झाले. वेस्ट मोबर्ली आणि सोटो या आदिवासी समुदायांनी गाभण माद्या हिवाळ्याच्या अखेरीस डोंगरातील कुंपणात आणून वासरे सावरेपर्यंत राखल्या, याबद्दल मला नितांत आदर आहे. मात्र त्याच काळात आसपासचे लांडगेही मारले गेले. लाकूडतोडीने जुने जंगल गेले, तिथे उगवलेल्या झुडपांवर मूस ही अवाढव्य हरणे वाढली, मूसवर लांडगे पोसले गेले आणि त्यांच्या तावडीत कॅरिबूही सापडू लागले. अपराध करवतीचा असताना शिक्षा लांडग्याला, हे मला पटत नाही.

उत्तरायण: आपण मांडलेली साखळी अचूक आहे, पण तिच्यातूनच उलट निष्कर्ष निघतो. हिवाळ्यात कॅरिबू ज्यावर तगतात ते शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचे भाऊबंद, जुन्या जंगलातच भरपूर वाढते आणि तसे जंगल उभे राहायला कित्येक दशके लागतात. कुंपणातील माद्यांसाठी गावकरी हे शैवाक हाताने वेचून पोत्यांत भरतात. एवढ्या मायेने जपलेली वासरे बाहेर सोडताच मारली जाणार असतील, तर आज लावलेले रोप पुढे कोणाच्या कामी येणार?

रानवाट: तो युक्तिवाद क्लिन्से-झापुरता मान्य. परंतु शेजारच्या अल्बर्टा प्रांतातील लिटल स्मोकी या कॅरिबू कळपाच्या परिसरात 2005 पासून लांडगे मारले जात आहेत आणि तिथला बहुतांश अधिवास विस्कटलेलाच आहे. कॅनडा सरकारच्या 2012 च्या आराखड्यात किमान 65 टक्के अधिवास अबाधित असावा असे म्हटले आहे. जंगल परतणारच नसेल, तर ही हत्या थांबणार कधी?

उत्तरायण: या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही आणि लिटल स्मोकीबाबत आपला राग रास्त आहे. तरीही झाडे मोठी होण्याआधी करता येण्यासारखे बरेच आहे. तेलाच्या शोधासाठी रानात पाडलेल्या सरळ पट्ट्यांवरून लांडगे झपाट्याने फिरतात. तिथे यंत्राने मातीचे उंचवटे करून त्यांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची रोपे लावतात आणि ओंडके आडवे टाकतात, म्हणजे ती वाट मोडते. ज्या खोऱ्यात हे काम सुरू झालेले नाही आणि नवी तोड चालूच आहे, तिथे लांडगे मारण्याची परवानगी देऊ नये, एवढे मी आपल्याबरोबर म्हणेन.