मदत हवी आहे: शाळेसाठी आचारसंहिता (ऑनलाइन + प्रत्यक्ष वर्ग), सोमवारच्या आत

गोदाकाठची
सोमवारी सभा आहे, त्याआधी आचारसंहितेचा मसुदा हवा. नाशिकच्या २०२७ च्या कुंभमेळ्यात पर्वण्यांना (मुख्य स्नानाच्या दिवशी) रस्ते बंद राहणार, त्या दिवसांत शाळा ऑनलाइन भरवायची असं ठरतंय. म्हणून दोन्हीकडे चालतील असे नियम हवेत. जुनी नियमावली आहे (केस, नखं, बूट, मोबाइल आणू नये), तिच्याखाली "ऑनलाइन वर्गातही हेच नियम लागू" एवढी ओळ टाका असं वरून सांगितलंय. शिवाय "विद्यार्थी कल्याण" असं एक प्रकरण, आणि शिक्षेच्या पायऱ्या. तिसऱ्या चुकीला दाखला हातात, असं एका सभासदाचं म्हणणं.
कुणाकडे तयार नमुना आहे का? "गूगल करा" म्हणू नका. केलंय. सगळे नमुने परदेशातले, त्यात लॉकर आणि कॅफेटेरिया.

खडू-डस्टर
इयत्ता कोणत्या? मुलं किती? अनुदानित की विनाअनुदानित? तुम्ही शिक्षक की पालक? वर्ग कशावर घेणार, मीट, झूम की व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकून मोकळे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सिडकोवासी
पर्वणीच्या दिवशी शाळा ठेवायचीच कशाला? २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर, तीन तारखा. सुट्टी द्या आणि शनिवारी भरून काढा. द्वारका चौकात एरवीच अर्धा तास जातो.

गोदाकाठची
सुट्टीचा निर्णय माझ्या हातात नाही. आणि फक्त ते तीन दिवस नाहीत, मागचेपुढचे दिवसही धरायचेत. शाळा पंचवटीत आहे, बस गाडगे महाराज पुलाकडून येते.
पाचवी ते दहावी. खाजगी विनाअनुदानित. मी शिक्षिका, पालक-शिक्षक संघाची सचिव. गूगल मीट. आता नमुना द्या.

कलम१७
दाखल्याची ओळ आधी खोडा. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करून त्याच वर्गात ठेवायची वाट मोकळी झाली, काढून टाकायची नाही. कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई. "मानसिक छळ" हे शब्द ऑनलाइन वर्गालाही तितकेच लागू पडतात. सगळ्यांसमोर नाव घेऊन "याला वर्गातून काढते बघा" म्हणत रिमूव्हचं बटण दाबणं हे बाकावर उभं करण्याचंच नवं रूप.
एक विचारायचं राहिलं, संस्था अल्पसंख्याक दर्जाची आहे का? २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. अर्थात मारझोड तिथेही चालत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ आहेच.

गोदाकाठची
नाही, अल्पसंख्याक नाही. मग नववी-दहावीचं काय?

कलम१७
तिथे कलम १६ चं कवच नाही, पण "तीन चुका, दाखला" असं यांत्रिक कलम तरीही टाकू नका. चूक म्हणजे कोणती? बूट पॉलिश नसणं आणि कुणाचा फोटो विकृत करणं एकाच मोजपट्टीवर बसणार का? काढण्यासारखा प्रसंग आलाच तर लेखी आरोप, मुलाचं आणि पालकांचं लेखी म्हणणं, सुनावणी, कारणांसह निर्णय, एवढं हवंच.

तांत्रिक तात्या
नियम लिहायच्या आधी खाती बघा. मुलं आईच्या जीमेलवरून येत असतील तर "सुनीता पवार" नावाने कोण बसलंय हे तुम्हाला शेवटपर्यंत कळणार नाही. गूगल वर्कस्पेसची शाळांसाठीची फंडामेंटल्स आवृत्ती मोफत आहे. शाळेचं डोमेन जोडायचं, प्रत्येक मुलाला खातं द्यायचं, दाखवायचं नाव "७ब-२३-आर्या" अशा साच्यात. गूगल क्लासरूममधूनच मीटची लिंक काढायची. मग शिक्षक येईपर्यंत मुलांना आत जाता येत नाही आणि यादीबाहेरच्या माणसाला आधी परवानगी मागावी लागते. अर्धी आचारसंहिता इथेच संपते.
मोफत आवृत्तीत १०० जण बसतात. रेकॉर्डिंग आणि हजेरीचा अहवाल मिळत नाही, ते पैसे भरलेल्या आवृत्तीत. तेव्हा नियमात "तास रेकॉर्ड केला जाईल" असं लिहून ठेवू नका, करता येणार नाही.
आणि कॅमेरा सक्तीचा करा. बंद कॅमेऱ्यामागे मूल झोपलेलं असतं.

खडू-डस्टर
खात्यांचं पटलं, कॅमेऱ्याचं नाही. एका खोलीत घर असेल तर मागे आजी झोपलेली असते, कुणी कपडे बदलत असतं. सक्ती केली की पहिला फटका नेमका त्या मुलांना बसतो. शिवाय दिवसाला दीड जीबीचा पॅक घरातल्या दोन मुलांत वाटला की कॅमेऱ्यावर किती पुरणार?
हजेरी कॅमेऱ्याने घ्यायचीच नसते. तासात दोन थांबे ठेवा. पहिला पाचव्या मिनिटाला, दुसरा शेवटच्या दहा मिनिटांत, वेळ न सांगता. एका ओळीचं उत्तर चॅटमध्ये टाकायचं किंवा वहीत सोडवलेल्या गणिताचा फोटो क्लासरूममध्ये. दोन्ही थांबे चुकले तर गैरहजर, एक चुकला तर त्याच दिवशी घरी फोन, रागवायला नव्हे, नेट गेलं होतं का विचारायला. तोंडी परीक्षेपुरता कॅमेरा लावा, तोही आदल्या दिवशी सांगून.

तांत्रिक तात्या
चॅटमध्ये उत्तर एक जण टाकतो, बाकीचे बघून लिहितात.

खडू-डस्टर
थांबा उत्तर तपासायला नसतो, मूल जागेवर आहे का एवढं बघायला असतो. आणि कॅमेरा लावलेलं मूल खाली मोबाइलवर गेम खेळत नाही असं कुणी सांगितलं?

पाठीवरचं ओझं
नियमावली होतेच आहे तर दप्तराचं वजन घाला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. ३५ किलोच्या मुलाला साडेतीन किलो. त्यात भरलेली पाण्याची लिटरची बाटली एक किलो खाते. वर्गात एक वजनकाटा ठेवा.

गोदाकाठची
दप्तराचा प्रश्न नाहीये हो.

पाठीवरचं ओझं
कल्याण प्रकरण म्हणालात म्हणून लिहिलं. त्याच धोरणात गृहपाठाची मर्यादाही आहे: तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून दिवसाला दोन तास. ऑनलाइन दिवशी प्रत्येक विषयाचा शिक्षक "आज तास छोटा झाला" म्हणून वर्कशीट टाकतो आणि सहा विषयांची सहा होतात. ही ओळ तरी घ्याच.

मनमोकळं
ती ओळ खरंच घ्या. जोडीला स्क्रीनची वेळही. केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीला दिवसात ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला चार सत्रं, त्याहून जास्त नाही. तुमचं आठ तासिकांचं वेळापत्रक जसंच्या तसं ऑनलाइन उचललं तर सातवीतलं मूल दुपारपर्यंत गळून जातं, मग ज्याला आपण बेशिस्त म्हणतो ती निम्मी दमणूकच असते. पाचवी ते आठवी सकाळी ८ ते १०, नववी-दहावी त्यानंतर, असं केलं की एकाच मोबाइलवर दोन भावंडांचीही सोय होते.
पण मला एक कळेना. पर्वण्या अजून लांब आहेत. मग सोमवारचीच घाई का? काही घडलंय का?

गोदाकाठची
हो. मागच्या महिन्यात दोन दिवस पावसामुळे ऑनलाइन घेतलं होतं. आठवीच्या वर्गात एका मुलीचा जांभई देतानाचा स्क्रीनशॉट कुणीतरी घेतला, त्याचं व्हॉट्सअॅप स्टिकर झालं आणि ते आता तीन वर्गांच्या गटांत फिरतंय. ती शाळेत यायला तयार नाही. पालक चिडलेत. म्हणून सोमवारी सगळ्यांना "कडक नियम" हवेत.

कलम१७
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

मनमोकळं
मग मसुदा जरा बाजूला ठेवा. मुलगी किती दिवस आली नाही? घरी तिच्याशी कोण बोललं? जेवणखाण, झोप? "मला नकोच हे सगळं" अशा धर्तीचं काही बोलली आहे का?

गोदाकाठची
चार दिवस. वर्गशिक्षिकेने आईला फोन केला, मुलगी फोनवर आली नाही. आई म्हणते खोलीतच असते, जेवण अर्धवट.

मनमोकळं
आज करायचं ते सांगते. तिचा विश्वास असलेली एक शिक्षिका घरी जाऊ दे, वर्गशिक्षिकाच हवी असं नाही. सोबत अजून एक मोठं माणूस. "शाळेत ये" हा विषय पहिल्या भेटीत काढायचाच नाही. तिला दोन गोष्टी सांगायच्या: स्टिकर पुसायला आम्ही काय केलं, आणि तुझं नाव कुठल्या सभेत येणार नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र द्यायचं नाही. जीवाला धोका वाटला तर सांगावंच लागतं.
मरण्याचं किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलली, तर "असं मनात येतं का" हे सरळ विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. तिला एकटं सोडायचं नाही, आईवडिलांना तिथेच सांगायचं. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. मुलांसाठी १०९८. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे दाखवता येईल.
परत आली की तिचा बाक बदलू नका, तिलाच वेगळ्या तुकडीत टाकू नका. जिला त्रास झाला तिलाच हलवलं की शिक्षा तिलाच झाली असं सगळा वर्ग समजतो.

सिडकोवासी
वर्गातल्या सगळ्यांचे मोबाइल सोमवारी जमा करून तपासा, दहा मिनिटांत सापडेल कोणी केलं ते.

कलम१७
अजिबात करू नका. मोबाइल शाळेत आणला म्हणून ठेवून घेणं वेगळं. तो बंद करून पाकिटात घालायचा, नोंदवहीत सही, पालकांच्या हाती परत. गॅलरी आणि चॅट उघडणं शाळेचं काम नाही. आणि उघडल्यावर दुसरंच काही सापडलं तर? मुलांचं लैंगिक चित्रण असेल तर ते "पुरावा" म्हणून स्टाफच्या गटात पाठवणं हाच गुन्हा होतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा). तिथे फक्त गटाचं नाव, वेळ, पाठवणाऱ्याचा क्रमांक कागदावर टिपायचा आणि पोलिसांकडे जायचं. पॉक्सोचं कलम १९ गुन्हा कळवायला बांधून ठेवतं, संस्थेची बदनामी वगैरे सबब चालत नाही.
जांभईचं स्टिकर त्या वर्गात मोडत नाही, पण चित्रात काही छेडछाड केलेली आहे का ते मोठ्यांपैकी एकानेच बघून घ्या. प्रत्येक जण "दाखव बघू" म्हणत फिरवू नये.

सिडकोवासी
१९३० ला फोन करा मग, सायबरचा.

तांत्रिक तात्या
१९३० मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. असल्या तक्रारीला केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांचा वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार होते.
स्टिकर पुसण्याबाबत: गटाचा अॅडमिन कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसू शकतो. तिन्ही गटांचे अॅडमिन शोधा, पालकांचे असतील तर एका फोनचं काम. पण ज्यांनी ते आवडत्या स्टिकरमध्ये ठेवलंय त्यांच्याकडे राहणारच. म्हणून वर्गात "पुसा" एवढं पुरत नाही, "आवडत्यांतूनही काढा" असं स्पष्ट सांगा.
आणि मीट संपवताना. शिक्षक नुसते बाहेर पडले की मुलं आत राहतात. असले उद्योग नेमके त्या पाच मिनिटांत होतात. "सगळ्यांसाठी कॉल संपवा" हाच पर्याय दाबायचा. हा नियम मुलांच्या नाही, शिक्षकांच्या यादीत घाला.

खडू-डस्टर
शिक्षकांची यादी, बरोबर. सगळ्या नियमावल्यांत ती गायब असते. माझ्या मते तुमचा मसुदा असा असावा, उचलून टाका:

"वर्गातील कोणाचाही फोटो, आवाज किंवा स्क्रीनशॉट परवानगीशिवाय घेणार नाही, आलेला पुढे पाठवणार नाही. हे शिक्षकांनाही लागू.
शिक्षक विद्यार्थ्याशी खाजगी क्रमांकावरून एकट्याने चॅट करणार नाहीत. संदेश वर्गाच्या गटात, दुसरे शिक्षक गटात असताना, सायंकाळी ७ नंतर नाही.
ऑनलाइन तासाला गणवेशाचा सदरा पुरेसा. नेट गेल्यास त्याच दिवशी पालकांचा संदेश, हजेरी कापली जाणार नाही.
शाळेबाहेर, रात्री, खाजगी गटात घडलेल्या गोष्टीचा त्रास वर्गापर्यंत आला तर शाळा लक्ष घालेल."

शेवटची ओळ सभेत भांडण लावेल, तरी ठेवा. नाहीतर प्रत्येक वेळी "ते घरी झालं, आमचा संबंध नाही".
पायऱ्या: पहिल्यांदा वर्गशिक्षिका आणि मूल, बोलणं आणि लेखी नोंद. पुन्हा झालं तर पालक, आणि झालेलं नुकसान भरून काढणं. स्टिकर बनवणाऱ्याने ते ज्या गटांत गेलं तिथून ते काढवून घ्यायचं, ही खरी शिक्षा. ५०० रुपये दंड बापाच्या खिशातून जातो, मुलाला त्याचं काही नसतं. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, त्या मुलीला ते पुन्हा भोगावं लागतं.

मनमोकळं
कल्याण प्रकरणात समुपदेशकाचं नाव, वार आणि खोली लिहा. "समुपदेशन उपलब्ध आहे" याला काही अर्थ नाही. जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. शाळांनाही लागू. तुमच्याकडे आहे?

गोदाकाठची
कला शिक्षिका "समुपदेशनही बघतात".

मनमोकळं
मग सोमवारचा पहिला ठराव तोच.

पाठीवरचं ओझं
वजनकाट्याचाही ठराव घ्या, बाराशे-पंधराशेत येतो.

गोदाकाठची
संध्याकाळी चित्रकलेच्या बाई आणि मी तिच्या घरी जातोय, तिला त्या आवडतात. तीनपैकी दोन गटांतून स्टिकर गेलं, तिसऱ्याचा अॅडमिन दहावीतला मुलगा आहे, त्याच्या वडिलांना फोन लावते. खडू-डस्टर, मसुदा जसाच्या तसा घेतेय. पालकांची सही सभेतच घेऊ का?

खडू-डस्टर
सभेत नको, तिथे न वाचता सह्या होतात. मसुदा घरी पाठवा, आठ दिवस द्या, आणि मुलाचीही सही घ्या. सोमवारच्या इतिवृत्तात मुलीचं नाव, तुकडी, रोल नंबर काहीही येणार नाही हे बघा. सचिव तुम्हीच आहात ना, लिहिणार तुम्हीच.