लहान चणीची घोडी पैदाशीला ठेवावी का?

घोडनदीकर:
नमस्कार मंडळी. आमची तिघांच्या भागीदारीत एक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, घोडी आहे. सहा वर्षांची, कुमेत. महालक्ष्मी आणि पुणे मिळून पाच शर्यती जिंकली, सगळ्या १००० ते १२०० मीटरच्या. यंदा पुण्याच्या सीझनमध्ये पुढच्या उजव्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गेला, तेव्हा रेसिंग बंद.

अडचण उंचीची आहे. मोजली तर १४.३ हँड (घोड्याच्या उंचीचं माप) भरते. एक भागीदार म्हणतात, विकून टाका, लहान घोडीला लहानच शिंगरू होणार आणि लिलावात त्याला कुणी विचारणार नाही. दुसरे म्हणतात, १६.३ चा दांडगा घोडा लावा, शिंगरू मधोमध येईल. मी सकाळी तबेल्यात गेले की ती आधी माझी ओंजळ हुंगते, मग गवताकडे वळते. तिला सोडवत नाही हे खरं, पण नुसत्या मायेवर पैसे लावायचे नाहीत. जाणकारांनी सांगावं.

हडपसर_वाला:
तुमच्या पहिल्या भागीदाराचं ऐका. लिलावात शिंगरू फिरवतात तेव्हा लोक आधी उंची बघतात, मग पाय, मग कागद. लहान माल पडून राहतो.

रात्रपाळी:
घोडनदीकर ताई, मी एकतीस वर्षं पुण्याजवळच्या स्टडवर, म्हणजे पैदास केंद्रावर, घोड्या विण्याची रात्रपाळी केली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी उंची पुन्हा मोजा. सपाट सिमेंटवर उभी करा, मान खाली-वर न करता, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर पट्टी टेकवा. नाल असेल तर त्याची जाडी वजा करा. १४.३ म्हणजे १४ हँड आणि ३ इंच, चार इंचांचा एक हँड, म्हणजे ५९ इंच. उताराच्या फरशीवर मोजलेली घोडी इंचभर इकडेतिकडे होते, हे मी कितीदा पाहिलंय.

मग खरा प्रश्न: ती लहान *का* राहिली? तिच्या आईची बाकीची शिंगरं किती उंच झाली ते शोधा. सगळं घराणंच बुटकं असेल तर ते रक्तात आहे, पुढेही उतरेल. पण बहिणी १५.२, १५.३ च्या असतील आणि हीच एकटी लहान असेल, तर बघायचं की ती आईचं पहिलं वेत होती का, शिंगरूपणी आजारी पडली होती का. अशा घोडीच्या रक्तात उंची असते, फक्त तिच्या अंगी लागलेली नसते.

आता "दांडगा घोडा लावा" याबद्दल. याला माझा ठाम विरोध आहे. घोडीचा जार (वार) गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो. पिशवी लहान तर जार लहान, आणि जार लहान तर शिंगराला मिळणारा घास लहान. केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ साली हे दाखवून दिलं. त्यांनी अजस्र शायर आणि चिमुकली शेटलंड या घोड्यांच्या दोन जातींचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर आईचं शिंगरू शेटलंड आईच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचं जन्मलं. रक्त दोन्हीकडे तेच, अर्धं-अर्धं. म्हणजे जन्माचं माप आई ठरवते. त्यातली चांगली बाजू अशी की मोठ्या घोड्यामुळे लहान घोडी विताना अडेल ही भीती फारशी धरू नका. पण नुसती उंची बघून घोडा निवडण्यातही अर्थ नाही. मॅन ओ'वॉर चांगला सोळा हँडच्या वरचा, त्याचा मुलगा वॉर ॲडमिरल मात्र आई ब्रशअपवर गेला, लहानच राहिला. आणि १९३७ ची अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे तिन्ही मोठ्या शर्यती, जिंकला.

लहान म्हणजे कमी, असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडची सेलीन घोडी आठवावी. लहान चणीची म्हणून तिचे मालक लॉर्ड डर्बींनी तिला क्लासिक, म्हणजे सर्वांत मानाच्या, शर्यतींना घातलंच नाही. ती २२ पैकी १६ शर्यती जिंकली. तिचा मुलगा हायपेरियन, १५ हँड दीड इंच, १९३३ ची डर्बी आणि सेंट लेजर जिंकला आणि पुढे सहा वेळा ब्रिटनचा अव्वल पैदासी घोडा ठरला. हायपेरियनची मुलगी लेडी अँजेला, तिचा मुलगा निआर्क्टिक, त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर. तोही लहान. वर्षाचा असताना २५,००० डॉलरला कुणी घेतला नाही, आणि १९६४ ची केंटकी डर्बी त्याने बरोबर दोन मिनिटांत मारली. आज जगातल्या फार थोड्या थरोब्रेड घराण्यांत त्याचं रक्त नाही. हडपसर_वाला म्हणतात ते लिलावापुरतं खरं आहे, पण मैदानावर पट्टी लावत नाहीत.

परळचा_विद्यार्थी:
काका, मग तिचा भ्रूण एखाद्या मोठ्या घोडीच्या पोटात वाढवला तर? इंग्लंडात न्यूमार्केटला संशोधक ॲलन यांच्या गटाने थरोब्रेड भ्रूण पोनीत (लहान जातीच्या घोडीत) आणि पोनीचे थरोब्रेडमध्ये वाढवले होते. पोनीच्या पोटातली थरोब्रेड शिंगरं लहान जन्मली, आणि उलटं केल्यावर मोठी.

रात्रपाळी:
शास्त्र बरोबर, पण थरोब्रेडला भ्रूण प्रत्यारोपण आणि कृत्रिम रेतन दोन्ही चालत नाही. घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोग झाला तरच शिंगरू स्टड बुकात (जातीच्या वंशनोंदवहीत) चढतं. नोंद नाही तर रेस नाही.

घोडनदीकर:
सगळ्यांचे आभार. काका, कागद काढले. ती आईचं पहिलंच वेत, जन्म एप्रिलअखेरचा. दोन सख्ख्या आणि एक सावत्र बहीण, तिघीही १५.२ च्या वर. सिमेंटवर पुन्हा मोजली, १४.३ च.

रात्रपाळी:
मग ठेवा तिला, ताई. पहिलारू घोडीची पिशवी अजून ताणलेली नसते, जार हलका येतो, शिंगरू बारीक होतं. हिचं तेच झालेलं दिसतंय. हिच्याही पहिल्या शिंगरावरून हिला जोखू नका. आमच्याकडे एक पंधरा हँडची भुरी घोडी होती. पहिलं शिंगरू ४१ किलोचं. मीच त्याला कवेत घेऊन काट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. मालक तिला विकायला निघाले होते. स्टडच्या डॉक्टरांनी थांबवलं. दुसऱ्या वेताला, त्याच घोड्याचं, ४९ किलो.

घोडा मध्यम उंचीचा घ्या, १५.३ ते १६. गुडघ्याखालच्या नळ्या जाड, पाय सरळ, आणि स्वतः टेंडनने बाद न झालेला. हिचा पाय गेलाय, तिथे मला उंचीपेक्षा जास्त काळजी वाटते. फेब्रुवारीच्या मध्यापासून फळवा. अकरा महिने धरले की शिंगरू जानेवारीत येईल. आपल्याकडे सगळ्यांचं वय १ जानेवारीपासून मोजतात, लहान घोडीच्या शिंगराला चार महिने उशीर परवडत नाही.

व्याल्यावर जार तीन तासांत पडला पाहिजे, नाहीतर डॉक्टरांना उठवा. पडला की टाकून देऊ नका. धुऊन फरशीवर पसरा, इंग्रजी एफ अक्षरासारखा, त्याच्या दोन्ही शिंगांची (फाट्यांची) टोकं शाबूत आहेत का बघा. टोक तुटलं असेल तर ते आत राहिलंय. मग वजन करा. शिंगराच्या वजनाच्या साधारण ११ टक्के भरतो. तो आकडा वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या वेताला त्याच्याशी ताडून बघा.

घोडनदीकर:
वही आजच घेतली. टेंडनचं दोन्ही भागीदारांना सांगते, घोडा बघायला जाऊ तेव्हा आधी त्याच्या पायांनाच हात लावू.