साक्ष, पण चालू वर्तमानकाळातली

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्यातून एकदा साक्षीची वेळ असते. एकेक जण उठतो, माईक हातात घेतो आणि सांगतो : आजार आला होता, प्रार्थना केली, बरा झालो. नोकरी गेली होती, उपास केला, मिळाली. त्यांच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. पण सहा वर्षं मागच्या बाकावर बसून ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. साक्षीतली सगळी क्रियापदं भूतकाळी असतात. ज्याचं अजून चालूच आहे, त्याने उठून काय सांगायचं?

माझ्या नवऱ्याला सहा वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून तो अंथरुणावर आहे. बरा होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही आता तसं मागत नाही. तरी विश्वास आहे. कसा टिकला ते मला धड सांगता येत नाही, म्हणून या धाग्यावर तुम्हाला विचारते. संकट संपलेलं नसताना, किंवा संपलं पण मनासारखं न संपता, तुम्ही ख्रिस्ताला धरून कसे राहिलात? राहता आलं नसेल तर तेही लिहा.

दोनच विनंत्या. कुणी कुणाला उपाय सांगू नये, आणि देवाने असं का केलं याचा खुलासा करू नये. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबापुढे देवाची वकिली त्याच्या मित्रांनी भरपूर करून पाहिली. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावला.

* * *

मी नर्स आहे. लहान मुलांचं आयसीयू, बहुतेक रातपाळी. एका आठवड्यात तीन मुलं गेली, आणि त्यानंतर प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटेना. जपमाळ नुसती खिशात धरून ठेवायची. फादरना सांगितलं. ते म्हणाले, स्वतःचे शब्द नसतील तर उसने घे, बायबलच्या स्तोत्रसंहितेत १५० प्रार्थना त्यासाठीच आहेत.

मग रोज एक स्तोत्र, क्रमाने. जिन्याच्या वळणावर, पहाटे तीन-साडेतीनला, मोबाईलच्या उजेडात. बरेच दिवस ते नुसतं हजेरी लावल्यासारखं होतं. एका रात्री ८८ वं आलं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ म्हणतात. हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. मी पुढे सरकवून पाहिलं, काही उतरायचं राहिलं की काय. नाही, खाली ८९ सुरू. म्हणजे इतक्या शतकांत कुणी त्याला गोड शेवट जोडला नाही, आणि ते काढूनही टाकलं नाही.

त्या रात्री फार बरं वाटलं असं नाही. पण बऱ्याच दिवसांनी आपण प्रार्थना केली असं वाटलं. १५० झालं की पुन्हा पहिल्यापासून. सध्या पाचवी फेरी चालू आहे.

* * *

माझं तुमच्या मानाने काहीच नाही, पण लिहितो. चौदा महिने नोकरी नाही.

पहिल्या दोन महिन्यांत मला बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन चार जणांनी पाठवलं. एकाने फुलांच्या चित्रावर छापून. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, वगैरे. पाचव्या वेळी वैतागून मी अख्खा अध्याय काढून वाचला. ते वचन बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या, दहाव्या वचनात मुदत दिली आहे : सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हे दहावं वचन फुलांवर कुणी का छापत नाही, ते समजू शकतो.

पण त्याच पत्रात आणखी वर, पाचव्या वचनात, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा असं सांगितलंय. ते मला उपयोगी पडलं. सुटका कधी ते विचारायचं थांबवलं आणि सहाला उठून दाढी करायला लागलो. हसू नका. घरी बसलेल्या माणसाने दाढी करणं हाच माझा मळा होता.

सर्वांत अवघड काय होतं सांगू? दानाची पिशवी. आपल्यापर्यंत आली की हात आत घालायचा की नुसती पुढे द्यायची? मी तेवढ्या वेळापुरता बाहेर जाऊ लागलो. हे शेजारी बसणाऱ्या आजोबांच्या ध्यानात आलं असावं. एका रविवारी मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला, घडी केलेली नोट माझ्या मुठीत ठेवली आणि माझी मूठ तशीच पिशवीत घातली. तोंडाने गाणं चालूच. त्यावर आम्ही आजपर्यंत एक शब्दही बोललेलो नाही.

* * *

प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, असं त्याच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ १२) आहे. माझा मणक्याचा काटा एकोणीस वर्षांचा. तीनचा आकडा मी पहिल्याच दिवशी ओलांडला. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मलाही तेच मिळालेलं दिसतं. काही दिवशी पुरते. काही दिवशी तिच्या जोडीला गोळी लागते. इतकंच. बसून जास्त लिहिवत नाही.

* * *

हे लिहू की नको असं तीन दिवस चाललंय.

आमचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. दफनाच्या वेळी सगळ्यांनी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीला माझं तोंड मिटलं. ठरवून नाही, मिटलंच. पुढचे दोन महिने मी मंडळीत गेले नाही. नंतर गेले तेव्हाही त्या ओळीला गप्प. पुढे-मागे सगळे म्हणतात, त्या आवाजात कुणाला कळत नाही. मीच मला ऐकू यायची, म्हणजे ऐकू यायची नाही.

मंडळीतल्या एक मावशी दर बुधवारी घरी यायच्या. वचन नाही, प्रार्थना नाही. दोरीवरचे कपडे काढायच्या, घड्या घालायच्या आणि जायच्या. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते. मावशी दीड वर्ष गप्प बसल्या.

एका बुधवारी मीच त्यांना त्या ओळीचं सांगितलं. त्या टॉवेलची घडी घालत म्हणाल्या, ‘तू म्हणू नकोस. आम्ही म्हणतो ना.’

नंतर कधीतरी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २६ वा अध्याय वाचताना थबकले. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशू हेच म्हणतो, तेच शब्द, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. आम्हाला शिकवलेली ओळ त्याला स्वतःला म्हणायची वेळ आली, तेव्हा तो जमिनीवर पालथा पडला होता आणि आधी ‘हा प्याला टळून जावो’ म्हणाला होता. ती ओळ त्यालाही सोपी गेली नव्हती. हे कळल्यावर मी ती पुन्हा म्हणू लागले असं लिहिलं तर छान गोष्ट होईल. तसं झालेलं नाही. कधी म्हणते, कधी नाही. गेल्या रविवारी अर्धी म्हणाले.

* * *

वरचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मला नैराश्याचा आजार आहे. निदान झालं तेव्हा प्रार्थनागटात सांगण्यात आलं की विश्वास कमी पडतोय. गट सोडला. बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय मात्र मी लॅमिनेट करून ठेवलाय. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. त्याला भेटायला आलेला देवदूत उपदेश करत नाही. उठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचा चंबू. एलीया खातो आणि परत झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा तेच, उठ, खा. बोलणं वगैरे पुढे, चाळीस दिवसांनी डोंगरावर.

रात्रीची गोळी आणि प्रार्थना मी एकाच घोटात घेतो. डॉक्टरांना हे माहीत आहे. गटाला सांगायला गेलो नाही.

* * *

मी सोडलंय. लिहू का?

* * *

(धागाकर्ती : लिहा ना. बसायला जागा आहे.)

* * *

फार काही नाही. बहिणीच्या आजारपणात प्रार्थना केली ती शेवटची. राग नाही, आता तर सवयही नाही. पण आईला गाडी चालवता येत नाही, म्हणून दर रविवारी तिला सोडतो आणि दीड तास बाहेर गाडीत बसतो. काच खाली केली की गाणी ऐकू येतात. अलीकडे काच खाली असते. याचा अर्थ कृपया कुणी लावू नका.

* * *

मी पाळक आहे. नाव देत नाही, कारण उघड आहे.

ज्यांनी ज्यांनी वर ‘कुणीतरी वचन पाठवलं’ असं लिहिलंय, त्यांतला कुणीतरी मी असेन. दवाखान्यात खाटेजवळ उभा राहून ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे मी किती जणांना सांगितलं असेल! वचन खरं आहे, पण माझी वेळ खोटी होती. आणखी एक वाक्य मी वर्षानुवर्षं वापरलं : सहन होईल तेवढंच देव देतो. असं वचन नाही. १ करिंथ १०:१३ मोहाच्या परीक्षेबद्दल आहे. उलट तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आमच्यावर शक्तीबाहेरचं ओझं पडलं, जगण्याचीही आशा उरली नाही. ही ओळ मी वीस वर्षांत एकदाही प्रवचनाला घेतली नव्हती.

पत्नी गेल्यावर घेतली. त्या वर्षी मी ४० हून जास्त प्रवचनं केली, आणि त्यांतल्या बहुतेक वेळी आतून काही जाणवत नव्हतं. ढोंग करतोय असं वाटायचं. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ पन्नास वर्षं आतून कोरडेपणा, देव नसल्यासारखी पोकळी असं लिहिलेलं आहे. लोकांना धक्का बसला. मला हायसं वाटलं. मी प्रॉटेस्टंट आहे, तरीही. पन्नास वर्षं काही न जाणवता जी बाई रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसली, तिला ढोंगी म्हणायची माझी छाती नाही, मग स्वतःला तरी का म्हणू?

आता मी व्यासपीठावर चढण्यापूर्वी मार्काच्या शुभवर्तमानातल्या, आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचं वाक्य म्हणतो : ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ दोन्ही अर्धी एका दमात. आणि दवाखान्यात गेलो की खुर्ची ओढून बसतो. आधी मी उभा राहायचो.

* * *

पंडिता रमाबाईंचं कुणी लिहिलं नाही म्हणून. दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी १८८२ मध्ये पती. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधी. पण नंतर तरी सुटका झाली का? १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. आणि एवढ्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी एकटीने केलं. त्यांचं थोरपण सगळे सांगतात. मला वेगळंच दिसतं : ईयोबाचं मराठी करताना बाई मध्येच टाक ठेवून किती वेळ नुसत्या बसल्या असतील, आणि मग परत पुढची ओळ. मी आईची काळजी घेते, तिला आता मी ओळखू येत नाही. माझी रोजची पुढची ओळ म्हणजे तिची वेणी.

* * *

अकरा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून वडील माझ्याशी बोलत नाहीत. दर रविवारी उपासनेनंतर घरी फोन करतो. तेच उचलतात आणि काही न बोलता आईकडे देतात. या वर्षी, फोन देण्याआधी, ‘देतो’ म्हणू लागलेत.

एवढीच साक्ष.

* * *

धागाकर्ती परत. सगळं वाचलं, काही दोनदा. नवऱ्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला किती कळतं ते नक्की सांगता येत नाही, पण टॉवेलच्या घडीपाशी त्याने डावा हात माझ्या हातावर ठेवला.

एक राहिलं होतं सांगायचं. त्याला माझं नाव घेता येत नाही. पाणी म्हणता येत नाही. पण लहानपणी पाठ केलेलं २३ वं स्तोत्र सुरू करून दिलं की तो पुढे म्हणतो, जीभ जड असली तरी बरंचसं स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, घोकलेले शब्द, गाणी, प्रार्थना पक्षाघातानंतरही कधी कधी शाबूत राहतात, मेंदूत त्यांची वाट वेगळी असते. मी म्हटलं, बरं. वाट कुठलीही असो.

रोज संध्याकाळी म्हणतो आम्ही. हिरवीगार कुरणं, संथ पाणी, मृत्युच्छायेची दरी, सगळीकडून तो नीट जातो आणि ‘तू माझ्यापुढे ताट वाढतोस’ इथे हटकून अडतो. ‘ताट, ताट, ताट’ करत राहतो. काल मी थकले होते, म्हटलं, अरे वाढते, थांब जरा! तर तो हसला. आवाज करून. सहा वर्षांत असा हसला नव्हता. मग आम्ही दोघंही हसत बसलो आणि स्तोत्र तिथेच राहिलं.

दोन तास झाले, त्याची कूस बदलायची वेळ झाली. तुम्ही लिहीत राहा, मी रात्री वाचते.