मदत हवी आहे: १९६१ च्या गिरणगावात कोणते बोली शब्द शोभतील?

हौशी_नेपथ्यकार:
मंडळी, आमच्या ग्रुपची एकांकिका बसवतोय. लालबागची चाळ, साल १९६१, नायक गिरणीत बदली कामगार. संहिता तयार आहे, पण तालमीत पोरं जिभेवर येईल ते घुसडतात. काल सावकाराचं काम करणाऱ्याने बिनधास्त 'उद्यापर्यंत एक पेटी आणून दे' असं ठोकलं! तेव्हा हे शब्द त्या काळात बसतात का आणि आले कुठून, ते सांगा: नवटाक, चारशेवीस, मटका लावणे, पेटी-खोका. शिवाय दशमान नाणी आलेली असताना नायक 'चार आणे' म्हणेल का? व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कुळकथा कृपया नकोत, त्या माझ्याकडे पोत्याने आहेत.

तोळामासा:
नवटाक डोळे मिटून ठेवा. हे मुळात वजन. मुंबईच्या जुन्या मापात ७२ टाकांचा एक शेर. त्याचा आठवा भाग नऊ टाक, म्हणून नवटाक. म्हणजे अर्धा पावशेर. वाण्याकडे नवटाक चहापूड, नवटाक तेल असं सर्रास मागत. दारूबंदीचा कायदा १९४९ चा, त्यामुळे तुमच्या नायकाला उघड्यावर प्यायची सोय नाही. तो जाणार अड्ड्यावर. हातभट्टीचा माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून यायचा आणि तिथे पेल्याला नाव तेच, वाण्याचं: नवटाक किंवा पावशेर. 'नवटाक मारून आलाय' हे वाक्य तिथलं. गंमत अशी की मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, वाण्याच्या तागडीतून शेर गेला, पण अड्ड्यावर राहिला. आजही एखाद्या किरकोळ माणसाला 'ए पावशेर' म्हणतात ते याच घराण्यातलं.

एक विनंती: 'चपटी', 'खंबा', 'क्वार्टर' हे शब्द या प्रवेशात येऊ देऊ नका. ते सीलबंद बाटलीचे शब्द, तुमच्या नायकापुढे पेला आहे.

ट्रामवाला:
चारशेवीस चालेल. भारतीय दंड विधान १८६० चं, त्यातलं ४२० वं कलम फसवणुकीचं. १९६१ पर्यंत ते कोर्टातून चाळीच्या जिन्यापर्यंत केव्हाच उतरलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. पण 'साला एक नंबरचा तीनशेअठरा' असं कुणी म्हणेल, या भ्रमात मी नाही.

मटक्याला मात्र माझा विरोध. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव उघडताना काय आणि बंद होताना काय, यावर मुंबईत पैसे लागायचे. तारेने आकडे यायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथून आले. वरळीचा मटका कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये सुरू केला. आधी नुसता आकडा होता, चिठ्ठ्या टाकायचं मडकं नंतरचं. तुमचा नायक 'आकडा लावला' म्हणू दे. कापडगिरणीतला माणूस सातासमुद्रापलीकडच्या कापसाच्या भावावर पगार उडवतो, यात तुम्हाला आयता प्रवेश मिळतोय, सोडू नका.

चाळकरी_बंड्या:
पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. ही भाषा गँगवॉरच्या काळात लोकांच्या कानावर आली. २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके'च्या घोषणा झाल्या, तेव्हा खोका म्हणजे किती हे गावोगावच्या आज्यांनाही कळलं. १९६१ चा चाळीतला सावकार लाखाच्या गोष्टी कुठून करणार? त्याच्या तोंडी शंभराची नोटसुद्धा जपून घाला.

तोळामासा:
आण्यांचं राहिलं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. १९६१ मध्ये अधिकृत नाव 'नवा पैसा', नाण्यावर 'नया पैसा' छापलेलं. पण पंचवीस नव्या पैशांना लोक चार आणेच म्हणत, पन्नासला आठ आणे. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, तोवर दुकानदार चार आणेच म्हणत होता. भांडणाला खरी जागा एका आण्यात आहे. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सुट्टे देताना तो सव्वा पाव पैसा कुणाच्या खिशात जायचा? पानवाल्याशी दोन ओळींची हुज्जत टाका, प्रेक्षक हसतील.

हौशी_नेपथ्यकार:
तोळामासा, 'सव्वा पाव पैसा' म्हणजे पाव पैसा ना? हुज्जत घेतली! मटका काढून आकडा घातला, पेटीवाल्याला समज दिली. आता एक शेवटचं. अड्डा चालवणारी बाई दाखवली आहे. गिऱ्हाइकं तिला काय म्हणतील, मावशी की आंटी?

तोळामासा:
हो हो, पाव पैसा. बोटं घसरली.

माझगावची_शेजारीण:
बाई कुठली ते आधी ठरवा. गोवेकर किंवा ईस्ट इंडियन ख्रिश्चन बाया घरातल्या पुढच्या खोलीत अड्डा चालवत, त्यांना 'आंटी' म्हणत. त्यावरून 'आंटीकडे जाणे' म्हणजेच प्यायला जाणे झालं. तुमची बाई कोकणातली असेल तर मावशी किंवा नुसतं 'बाय'. आंटी करणार असाल तर तिला फ्रॉक द्या आणि मराठीत मधूनमधून कोकणी येऊ द्या, 'किते जाय रे तुका?' एवढं पुरे. टेबलावर खारे चणे आणि उकडलेली अंडी ठेवा. आणि गिऱ्हाइकांना मोठ्याने बोलू देऊ नका, पोलिसांची धाड पडायची.