महालक्ष्म्यांपासून अंगावरून जाणं थांबतच नाही, वर डोकं ठणकतं. हार्मोनचं जेल लावणाऱ्या कुणी आहात का?

प्रतापनगरवाली
वय ४७, नागपूर. पाळी जायच्या वयातल्या घामासाठी जूनपासून रोज सकाळी मांडीला इस्ट्रोजेनचं जेल आणि महिन्यातले १२ दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची गोळी. आराम पडला, खोटं काऊन बोलू? मे अखेरच्या नवतप्यात कूलरपुढे बसूनही गाऊन पिळून काढावा लागायचा, ते पार थांबलं.

पण सप्टेंबरपासून आठ दिवस पाळी, चार दिवस कोरडे, की पुन्हा डाग. आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डावं कानशील असं ठणकतं की फोडणीच्या वासानंही उलटी होते. ही डोकेदुखी तर जुलैपासूनच आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं रक्तस्राव मांडते, निळ्यानं डोकं. नवऱ्याला तो दूधवाल्याचा हिशोब वाटला.

जाऊबाई म्हणतात, "पिशवी काढून टाक, सुटशील." त्यांनी ३८व्या वर्षीच काढली. मला नाही काढायची. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे.

डबा_पोळीचा
मलाही पहिले चार महिने डाग दिसायचे. सुरुवातीला तीन ते सहा महिने असं चालतं म्हणाल्या होत्या डॉक्टर. पण तुमचं नेमकं सप्टेंबरातच काऊन बिघडलं? गोळ्या पुढेमागे झाल्या का?

प्रतापनगरवाली
झाल्या नं. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या, आंबील, सगळं माझ्या हातचं. पाळी नेमकी जेवणाच्या दिवशी येत होती, म्हणून १२ च्या १८ गोळ्या केल्या. पुढच्या महिन्यात भाचीचा साखरपुडा होता, गोळीनं गुंगी येते म्हणून सातच घेतल्या. कुणाला विचारलं नाही. आणि पाळी आली की पाच दिवस जेलही बंद ठेवते. पूर्वी गर्भनिरोधक गोळ्यांना पाळीत सुट्टी असायची, तसंच असेल वाटलं.

जुनी_सिस्टर
ताई, स्त्रीरोग वॉर्डात जन्म गेला माझा, म्हणून स्पष्ट लिहिते.

जेलला पाळीची सुट्टी नसते. ते बंद केलं की एक-दोन दिवसांत इस्ट्रोजेन खाली येतं, आणि अर्धशिशीवालीचं डोकं त्या उतारालाच उठतं. तुमचे निळे ठिपके जेल थांबवल्याच्या तारखांशी लावून पाहा. अर्धशिशी असलेल्यांना पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा जेल किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी देतात ती त्यासाठीच, पातळी एकसारखी राहते. डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्या रेषा येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रोजेस्टेरॉन पिशवीचं अस्तर आवरतं. नुसत्या इस्ट्रोजेननं ते जाड होत जातं, आणि बराच काळ तसं चाललं तर कॅन्सरचाही धोका वाढतो. गोळ्या थांबल्या की पाळी येते, म्हणून तारीख सरकवली की सगळंच सरकतं. गुंगीचं म्हणाल तर गोळी झोपतानाच घ्यायची असते.

तरी सगळं गोळ्यांवर ढकलू नका. पिशवीत फायब्रॉइडची गाठ असू शकते, अस्तरावर पॉलिप म्हणजे कोंब असू शकतो, थायरॉइडही. हिमोग्लोबिन आणि खालून करायची सोनोग्राफी करून घ्याच. तासाला पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात किती होतात?

प्रतापनगरवाली
मोजल्या. पर्समधल्या रिकाम्या पट्ट्या धरून ऑक्टोबरात १४ दिवस.

जुनी_सिस्टर
मग हेही सांगा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस होऊ लागल्या की गोळीच डोकं दुखवते.

प्रतापनगरवाली
जाऊन आले, तारीख अलीकडे मिळाली. आधी ठिपके ताडून पाहिले होते. चार महिन्यांतले एक सोडून सगळे निळे ठिपके जेल थांबवल्याच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी! तो एक उपासाच्या दिवशी, उन्हात बर्डीच्या बाजारात फिरले तेव्हाचा.

डॉक्टर रागावल्या, पण हसल्यासुद्धा. महालक्ष्म्यांचं ऐकून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आधी मला विचारा." जेल रोज, गोळ्या पूर्ण १२. सोनोग्राफी या पाळीनंतर लगेच. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या, त्या चहाबरोबर नाही घ्यायच्या. सकाळचा माझा पहिला चहा गेला म्हणजे.

आता कॅलेंडरवर रात्रीच्या गोळीसाठी हिरवा पेनही आलाय. नवरा विचारून राहिला, दूधवाला बदलला का.