मदत हवी आहे: ‘उतरंड’ म्हणावं की ‘श्रेणी’?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी महसूल खात्याचा तक्ता करतेय. तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी आणि सगळ्यांत वर विभागीय आयुक्त, ज्यांचं कार्यालय आपल्या नाशिकरोडलाच आहे.

मथळा दिला ‘अधिकाऱ्यांची उतरंड’. सोबतच्या सरांनी तो लगेच खोडला. म्हणाले, हा शब्द जातींच्या उतरंडीसाठी वापरतात, त्यात अन्यायाचा वास येतो.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. सिन्नरला आजीच्या स्वयंपाकघरात खरीखुरी उतरंड होती. तळाशी ज्वारीचं मोठं मडकं, त्यावर डाळीचं, मग मिठाचं, अगदी वर एवढंसं गाडगं. खालचं मडकं काढायचं तर आधी वरची सगळी उतरवावी लागत. तिथे मोठं खाली नि छोटं वर, कार्यालयात नेमकं उलटं! मग हा शब्द इथे बसतो का?

‘श्रेणी’ मला पुरेसा वाटत नाही. पर्वतश्रेणीत कोण कुणाच्या हाताखाली असतं? ‘पदानुक्रम’ अचूक आहे, पण मुलं अडखळतात. ‘चढती भाजणी’ फार आवडतो, पण तो पदांसाठी चालेल का?

तुमच्याकडे रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? वाक्यासकट सांगाल का? तक्ता सोमवारी छापायला द्यायचाय.