घरात जुनी मांजर, दारात नवं पिल्लू : तुमचे अनुभव सांगा

रेशीमबागवाली
दिवाळीआधी घर रंगवायला काढलंय. काल रंगारी दादा मागच्या खोलीच्या दारापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, हे खाली उंदरानं कुरतडलं का जी? लांबी भरून देतो." फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत लाकूड खरवडलेलं आहे, दोन्ही बाजूंनी. बाहेरचे खोल ओरखडे चिंगीचे. आतले बारीक, केसासारखे, ते मोत्याचे. मी तिथेच खाली बसले.

२०१६चा जुलै. चिंगी तेव्हा सहा वर्षांची, घरात एकटीच. ऑफिसमधून येताना सक्करदऱ्याला एका कारखाली भिजलेलं पिल्लू ओरडत होतं. ओढणीत गुंडाळून आणलं आणि सरळ चिंगीपुढे ठेवलं. बघ, भाऊ आणला तुला. तिनं हुंगलं, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली, फिस्स केलं आणि माळ्यावर गेली ती उतरेचना. रात्री सगळे झोपल्यावर फक्त पाणी प्यायला यायची. सकाळी पाण्याच्या वाटीभोवती माळ्यावरच्या धुळीचे पंजे उमटलेले असायचे, जेवण तसंच. डॉक्टर खूप रागावले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की लिव्हरवर येतं म्हणाले. माझी चूक होती. तिचं घर होतं ते, तिला विचारलंच नव्हतं.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. मोत्या मागच्या खोलीत, दार बंद. त्याच्या अंगाखालचा टॉवेल चिंगीच्या खुर्चीवर, तिचा त्याच्याकडे. चिंगीची ताटली पॅसेजच्या पार टोकाला, आणि रोज एक फरशी दाराकडे. अकरा फरश्या होत्या. एकोणीस दिवस लागले, कारण चौथ्या फरशीवर ती गुरगुरली की आम्ही दोन फरश्या मागे यायचो. शेवटी एका दुपारी दाराखालच्या फटीतून एक इवलासा पंजा बाहेर आला. चिंगी बघत राहिली, मग नाक नेलं. मारलं नाही.

चिंगी २०२३मध्ये गेली. दादांना म्हटलं, हे दार राहू द्या.

तुम्ही कसं जमवलं, लिहा.

खामल्याची काकू
वाचून डोळ्यात पाणी आलं गं. आमच्या दोघी तीन महिने झाले तरी गुरगुरून राहिल्या. मोठी पोट्टी म्हणते आई तू घाई केली. केलीच. आठव्याच दिवशी दार उघडलं मी. कुकर लावलाय, मग लिहिते.

तिसरा मजला
आत्ताच पाहिजे होता हा धागा. परवा पिल्लू आणलं, बाथरूममध्ये ठेवलंय. जुना बोका बंड्या, ४ वर्षांचा, नसबंदी झालेली. बाथरूमच्या दारासमोरून हलत नाही. त्यात कालपासून सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, काहीच होत नाही, थोडं ओरडतो, परत जातो. पोट साफ नाही का? दूध देऊन पाहू का?

महालातला वाडा
आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. वाड्यात मांजरी आपणच यायच्या. भांडण झालं की एक कोठीत, एक गच्चीवर, एक शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. वाटणी त्यांची त्याच करायच्या, महिन्याभरात कोणाला कुठून जायचं ते ठरलेलं असायचं. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हरलेल्या मांजरीनं पळावं कुठे? म्हणून आपल्याला दार लावावं लागतं. उंचावर जागा करून द्या. माझी आजही कपाटावर जुनी पेटी ठेवलेली आहे, त्यावर गोधडी. नवी आली तेव्हा जुनी तिथूनच सगळं बघायची.

वेटच्या रांगेत
तिसरा मजला, दूध नको, काहीच नको, आधी हे वाचा. बोका आहे ना? लघवी अडकली असणार. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, खडे किंवा चिकट घाण अडकली की बंद. लोकांना वाटतं शी होत नाही. पूर्ण अडकली तर एक-दोन दिवसांत जीव जातो, विष अंगात चढतं. पोट दाबून बघू नका. कालपासून म्हणताय म्हणजे वेळ नाही. जवळच्या डॉक्टरांना फोन करा, लघवीची नळी टाकता येते का विचारा आणि निघा. कोणी मिळालं नाही तर सेमिनरी हिल्सचं वेट कॉलेज, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचं.

आमच्या भुऱ्याचं २०२१ला असंच झालं, दुसरा बोका घरी आणल्यावर आठव्या दिवशी. ताणानं पण होतं म्हणाले.

तिसरा मजला
अरे देवा. निघतोय.

इतवारी
लिहू की नको, दोनदा पुसलं. आम्ही पिल्लू विकत आणलं होतं. लस झालीय असं तोंडी सांगितलं, कागद नंतर देतो म्हणाले. त्याच दिवशी आमच्या सोनीबरोबर एका ताटलीत जेवायला दिलं, किती छान जमलं म्हणून फोटो काढले. पाचव्या दिवशी पिल्लाला उलट्या, मग रक्ताची शी. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा विषाणूचा जीवघेणा आजार. ते गेलं, आणि दहा दिवसांत सोनी. घरातच तर असते म्हणून तिची लस आम्ही टाळली होती.

नवीन मांजर कितीही चांगली दिसली तरी दोन आठवडे वेगळी. भांडी वेगळी, ट्रे वेगळा, हात धुऊन मगच दुसरीला हात लावायचा. पिल्लांची लस ६ ते ८ आठवड्यांपासून, पुढे दर ३-४ आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. हा विषाणू घरात अनेक महिने टिकतो. फिनाईलनं मरत नाही, उलट फिनाईल मांजरांना विषारी. ब्लीचिंगचं पाणी लागतं. आम्ही वर्षभर कोणालाच आणलं नाही.

ते फोटो अजून फोनमध्ये आहेत.

खामल्याची काकू
बाई गं. सोनीला सोडलं नाहीस तू, शेवटपर्यंत होतीस ना जवळ. रडून घे.

रेशीमबागवाली
इतवारी ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मोत्या रस्त्यावरचा होता, मलाही पहिल्या दिवशी हे माहीत नव्हतं. आमच्या नशिबानं काही झालं नाही.

गोकुळपेठ बाजार
आमचा प्रश्न वेगळाच होता. मे महिना, ४५ अंश, कूलर एकाच खोलीत. दार बंद ठेवलं तर कोणीतरी एक भट्टीत. मग सुताराला बोलावून त्या दाराला आतून जाळीचं दुसरं दार लावून घेतलं, लाकडी चौकटीचं. पहिले तीन दिवस जाळीवर जुनी चादर, मग चादर रोज चार बोटं वर. कूलरची हवा दोघींना, वाळ्याचा वास दोघींच्या अंगाला. मला वाटतं त्या वासानंच निम्मं काम केलं.

ट्रे मात्र दोन मांजरींना तीन. माझ्या सासूबाई सुरुवातीला नाक दाबायच्या, आता रेती त्याच चाळतात. ट्रेत टाकायचं विकतचं लिटर महाग पडतं म्हणून बांधकामाची रेती आणतो, धुऊन गच्चीवर खडखडीत वाळवायची. पावसाळ्यात पंचाईत होते. श्रावणात घरात मासे चालत नाहीत, तेव्हा मांजरींची सुकी मासळी गॅलरीत डब्यात. सासूबाईच आठवण करतात, "त्यांचा श्रावण नाही ना गं."

प्रतापनगर
मच्छरदाणीची जाळी चालेल का?

गोकुळपेठ बाजार
नाही, नखानं एका दिवसात फाडतात. लोखंडी घ्या, बारीक छिद्राची. कडेला तारा टोचायला नको, पट्टी मारून घ्या.

अजनीवाला
चार वर्षं झाली. एक फ्रीजवर, एक दिवाणाखाली. मैत्री नाही, मारामारी पण नाही. जेवणाच्या वेळा वेगळ्या. दोघीही ठणठणीत आहेत. झालीच पाहिजे का मैत्री? मला आता नाही वाटत.

महालातला वाडा
अजनीवाले, बरोबर. आमच्या दोघी वर्षभर अशाच होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली, गल्लीत ढोलताशे सुरू झाले आणि दोघी एकाच वेळी पेटीमागे घुसल्या. संध्याकाळपर्यंत एकमेकींना टेकून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी परत वेगळ्या, पण फिस्स करणं तेवढं थांबलं.

प्रतापनगर
यंदा आम्ही पिवळी मारबत पाहायला आलो होतो, गर्दीत पोट्ट्याची चप्पल गेली. तुमचा वाडा कोणत्या बाजूला?

महालातला वाडा
बडकस चौकाच्या पुढे. पुढच्या वर्षी गच्चीवरून पाहा, चहा आमच्याकडे.

तिसरा मजला
आलो. अडकलीच होती. डॉक्टर म्हणाले रात्र काढली असती तर कठीण होतं. नळी टाकली, सलाईन लावलंय, दोन दिवस ठेवून घेतलाय. मी निघताना त्यानं डोळे मिटून कपाळ माझ्या तळहातावर दाबलं. वेटच्या रांगेत, तुमचे उपकार कसे फेडू. मी खरंच दूध पाजणार होतो.

वेटच्या रांगेत
अहो उपकार कसले. तो घरी आला की दोन गोष्टी. एक, पाणी भरपूर पोटात गेलं पाहिजे, कोरडा खाऊ कमी, ओलं जेवण जास्त, बाकी डॉक्टर सांगतील तसं. दोन, पिल्लाला अजून बाहेर काढू नका. बंड्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल, त्याला आधी त्याच्या खोलीत त्याचीच चादर द्या. बाथरूमच्या दारासमोर त्याला बसू देऊ नका, त्यापेक्षा पिल्लू दुसऱ्या खोलीत हलवा.

तिसरा मजला
हलवलं. रिकाम्या घरात एकटंच ओरडून राहिलं होतं, आता मांडीवर झोपलंय. परवा सकाळी बंड्याला आणायचंय. आज ज्या पिशवीतून नेला तिची चेन तुटली. त्रिमूर्तीनगरच्या आसपास कोणाकडे पिंजरा आहे का? एका दिवसाकरता.

खामल्याची काकू
हाव, माझ्याकडे आहे, मोठा आहे. उद्या सातपर्यंत घरी आहे, मग भजनाला जाते. खामला चौकात येऊन मेसेज टाका. आतली चादर तुमची आणा, माझीला माझ्या मांजरींचा वास येईल.